न्हाणीतील गरम पाणी : टाकीचा गीझर की बिनटाकीचा?

घर बांधावयास काढले म्हणजे पाया, छप्पर, फरशी यांचा विचार महिनोन्‌महिने चालतो. न्हाणीत पाणी कशाने तापवावयाचे हा प्रश्न मात्र बहुधा अगदी शेवटी, दुकानदाराच्या समोर उभे राहिल्यावर निकालात निघतो. दुकानदार विचारतो, "टाकीचा देऊ की इन्स्टंट?" आणि आपण किमतीकडे पाहून उत्तर देतो. वास्तविक हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्यात दरमहाच्या बिलाचा संबंध आहे आणि एका प्रकारच्या गीझरच्या बाबतीत तर घरातील माणसांच्या प्राणाचाही आहे. पेडणे व डिचोली महालांतील पुष्कळ घरांत आज भाणाची जागा गीझरने घेतली आहे. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

जुनीच वस्तू, नवे नाव

आपल्या न्हाणीतील तांब्याचे भाण हा टाकीचा गीझरच होय. चुलीवर पक्के बसविलेले भांडे पाण्याने भरावयाचे, खाली करवंट्या, सोडणे, सुक्या झावळ्या घालून जाळ करावयाचा आणि तापलेले पाणी लागेल तसे काढून घ्यावयाचे. डिचोलीचे कासार पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांबद्दल पूर्वीपासून नावाजलेले आहेत. त्यामुळे आपल्याकडे ही वस्तू घरोघर असण्यात नवल नाही. घाटावर याच कामासाठी तांब्याचा बंब वापरीत. त्यात विस्तवाची नळी पाण्याच्या मधून वर गेलेली असते.

बिनटाकीचा गीझर हा अलीकडचा शोध असावा अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरा क्रम उलटा आहे. लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या सजावटीचा धंदा करणाऱ्या गृहस्थाने १८६८ साली गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तापविणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या फवाऱ्यावरून त्यास 'गीझर' हे नाव दिले. आपोआप चालणारा टाकीचा गीझर त्यानंतर, म्हणजे १८८९ साली, एडविन रूड या मूळ नॉर्वेच्या अभियंत्याने अमेरिकेत पिट्सबर्ग येथे तयार केला. मॉनच्या यंत्रात एक मोठा दोष होता. जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे त्यास नव्हते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

उष्णतेला आडवाट नाही

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हा नियम शाळेत आपण सर्वांनी घोकलेला आहे. थंडीच्या दिवसांत आपल्या नळाचे पाणी पहाटे २५ अंशांच्या आसपास असते असे धरू. स्नानास ४० अंश पुरेत. म्हणजे २० लिटरांच्या एका बादलीस ३०० किलोकॅलरी उष्णता लागली. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा एका बादलीस सुमारे एक-तृतीयांश युनिट खर्ची पडते. गीझर कोणत्याही कंपनीचा असो, टाकीचा असो वा बिनटाकीचा, या हिशेबातून त्याची सुटका नाही.

मग फरक कशात आहे? तो वेळेत आहे. कणगीत भात भरून ठेवणे आणि रोजचे शेरभर तांदूळ दुकानातून आणणे यांत जो फरक, तोच येथे समजावा. टाकीचा गीझर सावकाश तापवितो आणि साठवितो. बिनटाकीचा लागेल तेव्हा, लागेल तेवढेच तापवितो, पण त्यासाठी त्यास एकदम मोठी शक्ती लागते.

उदाहरण घेऊ. २ किलोवॅटचा, २५ लिटरांचा टाकीचा गीझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेण्यास सुमारे अर्धा तास घेतो. ते पाणी थंड पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणले की ५८ लिटर, म्हणजे जवळजवळ तीन बादल्या होतात. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर थांबावयास लावीत नाही, परंतु मिनिटास तीन लिटरांहून थोडे कमीच कोमट पाणी देतो. बादली भरण्यास सात मिनिटे लागतात. (विजेच्या इन्स्टंट गीझरातही १ ते ३ लिटरांची लहान टाकी असते, संपूर्ण बिनटाकीचा असा तो बहुधा नसतो.) गॅसचा गीझर मात्र खरोखर चपळ. मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणाऱ्या गॅस गीझरची शक्ती १० किलोवॅटांहून अधिक भरते. घरगुती विजेच्या जोडणीवर एवढा भार घालणे सहसा परवडत नाही.

टाकीच्या गीझरला एक भुर्दंड आहे. साठविलेले पाणी स्वस्थ बसल्याबसल्या निवत जाते आणि ते पुन्हा तापवावे लागते. टाकीच्या गीझरवर चिकटविलेली ताऱ्यांची पट्टी याच नुकसानीवरून ठरते. तारे अधिक तर नुकसान कमी. स्नाने आटोपल्यावर बटण बंद करणारे घर हा भुर्दंड पुष्कळ वाचविते.

आपल्या घरास काय सोयीचे?

पहिली गोष्ट माणसांची. दोघे-तिघे राहतात आणि एकामागून एक स्नान करतात, तेथे लहान इन्स्टंट गीझर पुरतो. पहाटेच्या नमाजापूर्वी वजूसाठी वृद्धांना तांब्या-दोन तांबे कोमट पाणी हवे असते, किंवा तान्ह्या मुलाचे अंग पुसावयाचे असते. एवढ्याकरिता २५ लिटर पाणी तापविणे व्यर्थ होय. उलट, ज्या घरातून पाच-सहा माणसे सकाळी एका तासात शाळेस, कचेरीस, बाजारास बाहेर पडतात, तेथे टाकीचा गीझर बरा. पहिल्या तीन बादल्या तयारच असतात आणि पुढील पाणी तापत राहते.

चवथीच्या किंवा ईदच्या सकाळी एका घरात बारा माणसे उतरली तर काय? हिशेब केला तर वरील दोन्ही विजेचे गीझर बारा बादल्यांना सुमारे दीड तास घेतात. वर्षातून दोन दिवसांसाठी मोठा गीझर घेण्यापेक्षा, परसातले भाण मोडीत न घालता ठेवावे आणि अशा दिवशी ते पेटवावे, हे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. गीझरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमीजास्त होते. २३० व्होल्टांचा दाब १८० वर उतरला तर ३ किलोवॅटचा गीझर १·८ किलोवॅटांइतकेच काम करतो. टाकीचा गीझर अशा वेळी उशिरा का होईना पाणी तापवितो. इन्स्टंट गीझरचे पाणी त्याच धारेवर कोमटही होत नाही. वीज गेली तरी टाकीतील गरम पाणी काही तास टिकते. पावसाळ्यात ज्या वाड्यावर दाब वरचेवर उतरतो किंवा वीज जाते, त्यांनी टाकीचाच विचार करावा.

तिसरी गोष्ट पाण्याची. पेडण्यास चांदेलच्या प्रकल्पाचे पाणी मिळते. तरी पुष्कळ घरांचा भरवसा विहिरीवर आणि छपरावरच्या टाकीवर असतो. दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार दाब. छपरावरची टाकी नळाच्या जेमतेम मीटरभर वर असेल तर गॅसचा गीझर पेटच घेणार नाही, कारण पाण्याच्या जोरावरच त्याची ज्योत उघडते. घेण्यापूर्वी त्यास किमान किती दाब लागतो हे विचारावे. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतील पाणी मृदू व किंचित आम्लधर्मी असते, आणि खाडीकाठच्या विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा येतो. दोन्ही धातूस खातात. टाकीच्या गीझरात आतील टाकी वाचविण्यासाठी मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकीस राखते. दोन वर्षांनी ती तपासून घेतली तर गीझरचे आयुष्य वाढते. हे काम करणारे फार थोडे आढळतात.

विजेच्या गीझरसाठी तारांची जोडणी स्वतंत्र हवी. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर प्रवाह ओढतो. दिव्या-पंख्याच्या जोडणीवर तो लावू नये. अर्थिंग पक्के असावे आणि गळती होताच ३० मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारे यंत्र फळीवर असावे. टाकीच्या गीझरची सुरक्षा-झडप थेंब-थेंब गळते म्हणून काहीजण ती बंद करून टाकतात. तसे कदापि करू नये. वाढलेला दाब बाहेर पडण्याची तीच एक वाट आहे.

गॅस गीझर आणि बंद दार

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मॉनच्या धुराडे नसलेल्या यंत्राचा धोका आजही संपलेला नाही. आपल्या देशात बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. त्यांत धडधाकट तरुण असतात, नवविवाहित जोडपी असतात, शाळेतली मुले असतात. याचे कारण समजून घ्यावे.

१० किलोवॅटांचा गॅस गीझर तासास सुमारे एक किलो गॅस जाळतो. तेवढ्या गॅसास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघरात सातही घनमीटर हवा नसते. दार-खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांत तेथील प्राणवायूचा जवळजवळ तिसरा हिस्सा खपतो. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्यास धरून बसते. माणसाचे डोके जड होते, भोवळ येते, मळमळते, आणि आपल्याला काय होत आहे हे कळण्यापूर्वीच हातपाय गळून तो खाली पडतो. आतून कडी लावलेली असल्याने मदत वेळेवर पोहोचत नाही.

म्हणून नियम एकच : गॅसचा गीझर न्हाणीघरात बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या पडवीत अथवा भिंतीच्या बाहेरील बाजूस बसवावा आणि फक्त पाण्याची नळी आत आणावी. ज्यांच्या घरी तो आतच बसविलेला आहे, त्यांनी तो हलवीपर्यंत वापरू नये. खिडकीची एक फळी उघडी ठेवणे हा उपाय नव्हे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर यंत्र बंद करून दुरुस्त करवावे. कोणी आत बेशुद्ध पडल्याचा संशय आला तर प्रथम दार उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चाकांवरच्या घराचा धडा

पेडण्याच्या किनाऱ्यावर कधी कधी स्वयंपाक, निजणे व न्हाणे यांची सोय असलेली मोठी मोटार उभी दिसते. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. शेजारच्या महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. तेथेही हाच प्रश्न असतो. अमेरिकन गाड्यांत २३ किंवा ३८ लिटरांची टाकी, नाहीतर गॅसवर चालणारा बिनटाकीचा गीझर बसवितात. विकणारे सांगतात की बिनटाकीचे गरम पाणी कधी संपत नाही. पण गाडीत पाणीच शंभरेक लिटर असेल, तर ते संपल्यावर गरम काय आणि थंड काय! गाडीच्या १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत सव्वा युनिटाहूनही कमी वीज असते. तिच्यावर चार बादल्याही तापणार नाहीत. म्हणून तेथे गॅसच लागतो.

मात्र या गाड्यांतील चांगल्या गॅस गीझरची बांधणी पाहण्यासारखी असते. ज्योत बंद पेटीत असते. तीस लागणारी हवा गाडीबाहेरून येते आणि जळलेला वायू बाहेरच जातो. माणसे श्वास घेतात त्या हवेशी ज्योतीचा संबंधच येत नाही. अशा बंदिस्त बांधणीचे गॅस गीझर घरांसाठीही होतात. ते घेणे शक्य असेल तर तेच घ्यावेत.

थोडक्यात

दोघे-तिघे असतील, विजेचा दाब स्थिर असेल तर विजेचा इन्स्टंट. माणसे अधिक, दाब चंचल, तर १५ ते २५ लिटरांचा, अधिक ताऱ्यांचा टाकीचा. न्हाणीबाहेर मोकळी जागा आणि पाण्याला पुरेसा दाब असेल तरच गॅसचा. १४·२ किलोंच्या एका सिलिंडरवर माझ्या हिशेबाने चारशेच्या आसपास बादल्या तापतात. छपरावर ऊन भरपूर असेल तर सूर्यशक्तीचा बंब आठ महिने उत्तम काम देतो. पावसाळ्याची तजवीज वेगळी ठेवावी. घेताना टाकीच्या विजेच्या गीझरवर आय. एस. २०८२, इन्स्टंटवर ८९७८ आणि गॅसच्या लहान गीझरवर १५५५८ हा मानक क्रमांक आहे की नाही, हे पाहावे.

पैशाचे गणित थोडे चुकले तर बिलात शे-दोनशेचा फरक पडेल. तो भरून काढता येतो. गॅसच्या जागेबाबत केलेली हयगय भरून काढता येत नाही. तेव्हा ही स्मरणिका बाजूस ठेवल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या न्हाणीची, मुंबई-पुण्यास भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींच्या न्हाणीची आणि म्हाताऱ्या नातलगांच्या घरची एकदा चौकशी करावी, एवढीच विनंती.