पर्यावरणपूरक गोदाम : लहान व्यापाऱ्याने काय करावे?

भिवंडीचे नाव पूर्वी यंत्रमागामुळे घेतले जाई. आज ते गोदामांमुळेही तितकेच घेतले जाते. मुंबईत माल नेताना जकात लागत असे, म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली या गावांत ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि करासाठी प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज उरली नाही. कंपन्यांनी छोटी गोदामे सोडून मोठी घेतली. आता त्यातील अनेकजण जागा भाड्याने घेताना ‘ग्रीन’ प्रमाणपत्राची चौकशी करतात. २००१ साली स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलकडे गोदामांसाठी वेगळी मानांकन पद्धत आहे.

हे सारे बड्या लोकांचे काम, असे आपले पुष्कळ व्यापारी बांधव मानतात. आमचे मत वेगळे आहे. प्रमाणपत्र घ्या वा न घ्या, त्यामागच्या बहुतेक गोष्टी लहान गोदामालाही परवडणाऱ्या आहेत.

प्रथम पाण्याचा विचार करू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात भिवंडी आणि कल्याणही सापडले. तळाच्या थरातील कापडाच्या गाठी भिजल्या की त्यांची किंमत चिंधीची होते. म्हणून जोते उंच हवे आणि माल जमिनीला न टेकता पॅलेटवर हवा. परंतु भराव घालताना नाला बुजवला, तर आपला माल वाचतो आणि पाणी शेजारच्या वस्तीत शिरते. त्या वस्तीत आपलेच हमाल आणि मागावरचे कारागीर राहतात. पूररेषा पाहूनच जागा घ्यावी आणि नाला मोकळा ठेवावा.

छपरावरचे पाणी वाया जाऊ देऊ नये. दहा हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३ हजार लिटर पाणी मिळते, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. पन्हळी लावून ते टाकीत घेतले तर स्वच्छतेला उपयोगी पडते आणि आगीच्या वेळी हाताशी राहते. उरलेले शोषखड्ड्यात सोडावे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणसाला उभे राहवत नाही. पत्र्यावर उष्णता परतवणारा पांढरा रंग लावला तर आतले तापमान उतरते. वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर विजेशिवाय गरम हवा बाहेर काढतात. उजेडासाठी मधूनमधून पारदर्शक पत्रे टाकावेत. मात्र ते ये-जा करण्याच्या वाटेवर असावेत. रंगीत कापडावर थेट ऊन पडले तर रंग उडतो.

तिसरी गोष्ट विजेची. जुन्या पद्धतीची नळी चोकसह सुमारे ५० वॅट वीज घेते, एलईडी नळी २० वॅट. पन्नास नळ्या रोज दहा तास जळत असतील, तर दिवसाला १५ युनिट वाचतात. आपल्या दराने महिन्याचा हिशेब करून पाहावा. सौर पॅनेलसाठी एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट मिळतात. मात्र जुन्या सांगाड्याला पॅनेलचे वजन आणि वाऱ्याचा ताण पेलेल का, हे आधी अभियंत्याकडून तपासून घ्यावे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर तर चढूही नये. तो फुटून माणसे खाली पडतात.

चौथी गोष्ट आगीची. गोदाम जळाले की माल जातो आणि धूर साऱ्या परिसराच्या छातीत जातो. कापड आणि रसायने एका छपराखाली ठेवू नयेत. थप्प्यांमध्ये वाट मोकळी ठेवावी आणि दारे मालाने अडवू नयेत. रात्री कामगार आत झोपत असतील तर बाहेरून कुलूप कधीही लावू नये.

शेवटी कागदपत्रे. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. भिवंडीभोवतालच्या अनेक गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. भाडेकरूनेही करार करण्यापूर्वी मंजूर नकाशा आणि अग्निशमनाचा दाखला मागावा. विमा घेताना जागेची आणि मालाची खरी माहिती लिहून द्यावी, नाहीतर भरपाईच्या वेळी वाद होतो.

सारे एकदम करण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. आमची सूचना अशी की, यंदा पावसाळ्यापूर्वी नाला, पन्हळी आणि पॅलेट पाहावे. दिव्यांचे आणि छपराच्या रंगाचे काम त्यानंतर घ्यावे. सौर पॅनेलचा खर्च चार शेजारी गाळेवाल्यांनी मिळून काढला, तर अभियंत्याची फी आणि मालाची वाहतूक दोन्ही स्वस्त पडतील.