घरातील वाऱ्याची येजा



हिवाळ्यात पहाटे फिरून आल्यावर, जेथे रात्रभर चार माणसे दारे-खिडक्या लावून निजली आहेत अशा खोलीत आपण कधी शिरला असाल. पाऊल टाकताच एक जड, कोंदट वास नाकाशी येतो. आत निजलेल्यांस मात्र त्याची वार्ताही नसते. नाकास वासाची सवय होते, आणि या विषयातील खरी अडचण हीच होय. बिघडलेली हवा ज्यास बाधते, त्यालाच ती कळत नाही.

आपण सोडलेल्या श्वासात शेकडा सुमारे चार भाग कार्बन डायॉक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग एवढाच आहे. म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे सुचविले की, खोलीत हे प्रमाण १००० च्या वर जाऊ देऊ नये. तेवढ्याने विषबाधा होते असे नव्हे. परंतु ते वाढले म्हणजे एकमेकांनी सोडलेली हवा आपण पुनःपुन्हा घेत आहोत, असे समजावे. घरात क्षयाचा किंवा फ्ल्यूचा रोगी असल्यास त्याचे जंतूही त्याच हवेत साठतात.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. कोंदट चाळी हेच त्याचे मूळ, असे मानून १८९८ साली स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम घातला. त्याचा अर्थ सोपा आहे: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे मागाहून सिद्ध झाले. निदान चुकले, तथापि उपाय वाया गेला नाही, कारण क्षय हवेतूनच पसरतो.

आता आपल्या नंदुरबारकडे वळू. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती जाड मातीच्या असत, आणि धाब्यात उजेडासाठी व धुरासाठी एक भोक ठेवीत. तापलेली हवा वर चढून त्यातून निघून जाई व तिच्या जागी दारातून ताजी हवा येई. यात सर्व शास्त्र आले. हवेस येण्यास एक वाट हवी आणि जाण्यास दुसरी. एकच खिडकी उघडून भागत नाही. समोरासमोर दोन असाव्यात, अथवा एक खाली व एक झरोका वर. सिमेंटच्या घरांत आपण हे झरोके बुजविले.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा वेळी दुपारी खिडक्या लावणे शहाणपणाचेच. पण रात्री व पहाटे त्या सताड उघडाव्यात. कूलर खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत ओल साचून जीव अधिकच गुदमरतो. घरगुती वातानुकूलन यंत्र बहुधा आतलीच हवा गार करून फिरविते. म्हणून मधूनमधून दार उघडावे. मिरची वाळत घालण्याच्या दिवसांत पथारीकडून वारा येत असेल, तर त्या बाजूची खिडकी लावून दुसऱ्या बाजूच्या उघडाव्यात. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा लावताना हवा आत येण्यासही फट ठेवावी. अन्यथा तो नुसताच गरगरतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. थंडीसाठी कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस उठतच नाही.

शेवटी एक कबुली देतो. हिवाळ्यात वर्गाच्या खिडक्या लावून मी साठ-साठ मुलांस शिकवीत असे. शेवटच्या तासाला मुले पेंगू लागत, आणि त्यांस आळशी म्हणून मी बाकावर उभे करी. दोष निम्मा तरी त्या हवेचा होता, हे मला फार उशिरा उमगले. जी मुले उभी राहिली, त्यांची क्षमा मागण्यास आता वाव नाही. आपल्या घरातील मूल संध्याकाळी पुस्तकावर पेंगू लागले, तर रागावण्यापूर्वी उठून दोन खिडक्या उघडाव्यात, एवढीच विनंती.