भूमी पवित्र की शांतता?

१९४८ साली इस्रायल स्थापन झाला, तेव्हा सत्तेची सूत्रे डेव्हिड बेन-गुरियन यांच्या धर्मनिरपेक्ष, समाजवादी मजूर चळवळीकडे होती. १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात पूर्व जेरुसलेम आणि वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आले आणि धर्मनिष्ठ व धर्मनिरपेक्ष इस्रायलींमधील वादाला नवी धार चढली. रब्बी (ज्यू धर्मगुरू) त्स्वी यहुदा कूक यांच्या अनुयायांना या विजयात ईश्वरी योजना दिसली. ही भूमी परत देणे त्यांना अमान्य होते. त्यांनी १९७४मध्ये ‘गुश एमुनिम’ ही वसाहती उभारणारी चळवळ सुरू केली. उलट, १९७८मध्ये राखीव दलातील अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘पीस नाऊ’ने भूमीपेक्षा शांतता मोलाची मानली.

४ नोव्हेंबर १९९५ रोजी या वादाने टोक गाठले. पॅलेस्टिनींशी ओस्लो शांतता करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची एका धार्मिक राष्ट्रवादी ज्यू तरुणाने तेल अवीवमध्ये हत्या केली.

मात्र धर्मनिष्ठ म्हणजे आक्रमक, हे समीकरण चुकीचे आहे. वसाहती उभारणाऱ्यांमध्ये मानाचे स्थान असलेले रब्बी येहुदा अमिताल पुढे तडजोडीचे पुरस्कर्ते झाले आणि राबिन यांच्यानंतरच्या सरकारात मंत्रीही होते. श्रद्धा माणसाला दोन्ही दिशांना नेऊ शकते. म्हणून या वादाकडे पाहताना सरसकट शिक्के मारू नयेत.