चूक कर्णावर दिसते

होडीची डावी बाजू मोजली, बरोबर. उजवी मोजली, बरोबर. पुढची आणि मागची फळीही नकाशाबरहुकूम. शेजारचे सुतारकाका सगळं पाहत उभे होते. म्हणाले, "आता तिरकं मोज." टेपचं टोक त्यांनी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर धरलं, मी मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ओढलं. मग दुसरा कर्ण. दोन्हींत १४ मिलिमीटरचा फरक! चारही बाजू खऱ्या, आणि होडी वाकडी.

सुरतेच्या भेस्तानमधल्या आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये ही होडी तयार होते आहे. जात ऑप्टिमिस्ट. लांबी २.३६ मीटर, सांगाड्याचं वजन ३५ किलो, एक डोलकाठी, एक शीड. फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली मुलांसाठी ती आखली. प्लायवूडची शीट आठ फुटांची, म्हणून होडी आठ फुटांच्या आत बसवली. त्यापायी नाळही टोकदार न ठेवता सपाट कापली. घरच्या घरी, साध्या हत्यारांनी बांधता यावी, हाच हेतू.

सुरतेला जहाजबांधणी नवी नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली इथूनच मुंबईला गेले. त्यांच्या घराण्याने १८१७ मध्ये बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. माझ्या आवाक्यात सागवान नव्हता. मी मरीन प्लाय आणला. त्यासाठी आयएस ७१० हे मानक आहे, पण नुसत्या शिक्क्यावर विसंबायचं नाही, असं काकांनी आधीच बजावलं होतं. कापून उरलेला तुकडा जुन्या पातेल्यात घालून तासन्‌तास उकळला. थर सुटले नाहीत, तेव्हाच करवत लावली.

होडी मी शिवून बांधतो आहे. या पद्धतीत फळ्यांना खिळा लागत नाही. कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने फळ्या शिवायच्या, आतून इपॉक्सी आणि लाकडाच्या भुशाची लुगदी भरायची. सुकली की तार काढून सांध्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी चिकटवायची. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या 'मिरर' होडीमुळे ही रीत घरोघरी पोचली. शिवणीची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी. आमचं गाव जळगावकडचं. तिथून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या एका चित्रात पाचव्या शतकातलं जहाज आहे. त्यावरून गोव्यात काथ्याने शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. ती बातमी आमच्या आप्पांनी मला दोनदा वाचायला लावली.

माझी चूक शिवणीतच होती. मी डावी बाजू नाळेपासून मागेपर्यंत एका दमात शिवून घट्ट पिळली आणि मग उजवीला हात घातला. प्रत्येक पिळागणिक फळी केसभर सरकत गेली. वीस टाक्यांनंतर केसाचे मिलिमीटर झाले. त्यावर लुगदी भरून मी ती चूक पक्की केली. अशी होडी वाऱ्यावर सरळ जात नाही. सुकाणू सतत एका अंगाला दाबून धरावं लागतं. रंगाखाली हे झाकलं गेलं असतं, पाण्याने झाकू दिलं नसतं.

काकांनी हॅकसॉचं पातं चिंधीत गुंडाळून हातात दिलं. सहा दिवसांची शिवण मी दोन संध्याकाळी कापत बसलो. हॉट एअर गनने सांधा तापवायचा, लुगदी नरम पडली की पातं सरकवायचं, प्लायचा थर उचकटू द्यायचा नाही. मग मधून सुरुवात केली: एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, तार सैलच. दर चार टाक्यांनी दोन्ही कर्ण मोजायचे. फरक दोन मिलिमीटरवर आला, तेव्हा पिळून घट्ट केलं.

दुसऱ्या खेपेला पावसाळी दमटपणा आडवा आला. सुकलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर धरला. तो तसाच घासला तर पॉलिशपेपर भरून जातो आणि पुढचा थर धरत नाही. आधी साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने धुवायचं, कोरडं होऊ द्यायचं, मगच पेपर लावायचा.

शिडाचं कापड आप्पांनी पारखलं. त्यांची उमर पांडेसऱ्याच्या लूमवर गेली. मी आणलेलं पॉलिएस्टर त्यांनी उभं ओढलं, आडवं ओढलं, हललं नाही. मग दोन कोपरे धरून तिरकं ओढलं आणि ते रबरासारखं लांबलं. "हे साडीचं कापड. वाऱ्यात याची झोळी होईल," एवढंच बोलून घडी घालून ठेवलं. शिडाचं कापड दाट विणीचं, राळेच्या फिनिशने कडक केलेलं लागतं. आणि मागच्या मोकळ्या कडेला धागा समांतर यावा असं बेतावं लागतं, कारण सगळ्यात जास्त ताण तिथे बसतो.

होडी असो की कापड, खोट तिरक्या मापातच सापडली. सरळ मापं खरी निघाली की आपण निर्धास्त होतो, तिथेच फसतो.

काल होडी घोड्यांवर ठेवून आत आठ बादल्या पाणी भरलं आणि बाहेरून सांध्यांवर खडूची पूड फासली. तासाभराने नाळेच्या उजव्या कोपऱ्यात पूड रुपयाएवढी ओली झाली. मी तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढला. पाणी उपसलं. कोपरा सुकायला चार दिवस लागतील. मग पुन्हा पातं.