पुठ्ठ्याच्या खोक्यातील खाच आणि स्लॉटर यंत्र

द्राक्षे, आंबे, औषधे इत्यादींची वाहतूक आज मोठ्या प्रमाणावर नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांतून होते. खोक्याच्या मजबुतीचा विचार करताना कागदाच्या जाडीकडे सर्वांचे लक्ष जाते, खाचेकडे क्वचितच. प्रस्तुत लेखात खाच पाडणाऱ्या स्लॉटर यंत्राचे कार्य विशद केले आहे.

नेहमीच्या खोक्याच्या सपाट पुठ्ठ्याला दोन्ही कडांना तीन-तीन अशा सहा खाचा असतात. त्यांमुळे फ्लॅप सुटे होऊन दुमडता येतात. खोक्याची रुंदी 300 मिलिमीटर असल्यास खाच सुमारे 150 मिलिमीटर खोल घ्यावी लागते; कारण समोरासमोरचे बाहेरील फ्लॅप मध्यावर भिडले पाहिजेत.

एक्सेंट्रिक स्लॉटरमध्ये कामगार पुठ्ठा हाताने अडणीपर्यंत सरकवितो व वरून पाते खाली येते. रोटरी स्लॉटरमध्ये फिरते पाते खालच्या दोन कड्यांमधील फटीत शिरून पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापून काढते. वेग अर्थातच दुसऱ्याचा अधिक.

परंतु खरा प्रश्न खाच कोठे संपते, हा आहे. ती क्रीजच्या रेषेवरच थांबली पाहिजे. अलीकडे थांबल्यास फ्लॅप दुमडताना पुठ्ठा फाटतो; पलीकडे गेल्यास कोपऱ्याला भोक पडते. थप्पीचा भार मुख्यत्वे कोपरेच पेलत असल्याने अशी खोकी तळाशी असल्यास लवकर खचतात, आतील फळ दबते आणि नुकसान बागायतदाराच्या माथी येते. दोष मात्र कागदाला दिला जातो! वस्तुतः अडण पक्की करून पहिले चार-पाच पुठ्ठे दुमडून पाहिल्यास ही चूक यंत्रावरच सापडते.