पित्त, उष्णता की शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी?

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हणजे दाण्यातल्या प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने शत्रू मानणे. अशा मुलाच्या शरीरात त्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार असतात. दाणा पोटात गेला की काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. कधी धापही लागते. दौंड तालुक्यातल्या कासुर्डीसारख्या गावात दाण्याचा कूट भाजीत, आमटीत, उपवासाच्या खिचडीत, सगळीकडेच असतो. म्हणून दाण्यावर संशय जायलाच वेळ लागतो.

त्यात बोलीभाषेचीही भर पडते. गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणायचे आणि आमसुलाचे पाणी चोळायचे, ही घरोघरची रीत. या गांधींचा आम्लपित्ताशी किंवा ‘उष्ण पडण्याशी’ संबंध नसतो. त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन सुटल्याने त्या येतात. आमसुलाने गार वाटते, पण आधीच्या दोन तासांत मूल काय जेवले, हा खरा प्रश्न त्या गडबडीत राहून जातो. निदानाची सुरुवात त्याच उत्तरापासून होते. अर्थात प्रत्येक गांध अ‍ॅलर्जीची नसते. लहान मुलांना विषाणूच्या तापातही गांधी येतात. त्यानंतर मूल दाणे खाऊन ठणठणीत असेल, तर दाण्याकडे बोट दाखवण्याचे कारण उरत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज म्हणजे ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे अ‍ॅलर्जी’. रक्तात आयजीई सापडणे वेगळे आणि खाल्ल्यावर त्रास होणे वेगळे. कर्नाटकातल्या प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मात्र जेमतेम एक टक्का लोकांत दिसली. म्हणूनच एकाच वेळी पन्नास-साठ पदार्थांची तपासणी करून दूध, गहू, डाळी बंद करणे वाढत्या मुलावर अन्याय आहे. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी तर निदानासाठी निरुपयोगीच. तो पदार्थ खाण्यात आला आहे, एवढेच ती दाखवते.

ज्या पदार्थावर संशय, त्याचीच चाचणी करायची. त्वचेच्या चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला शेंगदाण्याच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून हलकेच टोचतात. शेजारी हिस्टामिनचा आणि साध्या सलाइनचा थेंब तुलनेसाठी असतो. पंधरा-वीस मिनिटांनी सलाइनपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. खाजेच्या गोळ्यांनी ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस आधी थांबवतात. रक्ततपासणीला ही अडचण नाही. गांध मोठी म्हणजे झटका मोठा, हेही खरे नव्हे. आकार अ‍ॅलर्जीची शक्यता सांगतो, तीव्रता नाही. दाण्यातल्या ‘एआरए एच २’ या एकाच प्रथिनाविरुद्धची रक्तातली आयजीई मोजली, तर खरी अ‍ॅलर्जी बरीच नेमकी ओळखता येते.

तरीही शंका उरली, तर ‘थोडं चाटवून बघू’ असा प्रयोग घरी करू नये. तो रुग्णालयातच होतो: अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून अगदी कणभर दाण्यापासून सुरुवात करायची, ठरावीक अंतराने मात्रा वाढवायची आणि शेवटच्या घासानंतरही मुलाला काही तास नजरेखाली ठेवायचे.