माथ्यावरून हवेत

एव्हरेस्टच्या माथ्यावरून पॅराग्लायडरने उतरता येतं का, या प्रश्नाचं उत्तर २६ सप्टेंबर १९८८ रोजीच मिळून गेलं. झाँ-मार्क बोईव्हाँ या फ्रेंच गिर्यारोहकाने त्या दिवशी माथ्यावर छत्री फुगवली आणि दहा-बारा मिनिटांत तो सुमारे ५,९०० मीटरवरच्या कॅम्प दोनला उतरलाही. थकलेल्या पायांनी हेच अंतर कापायला अख्खा दिवस जातो. मग त्यानंतरच्या साडेतीन दशकांत हजारो माणसं एव्हरेस्ट चढली, पण माथ्यावरून उडणारे बोटांवर मोजण्याइतकेच कसे राहिले?

बोईव्हाँ उडाला तेव्हा हा खेळच जेमतेम दहा वर्षांचा होता. १९७८ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या मिउसी गावाजवळ तीन पॅराशूटवाल्यांनी विमानाविना उडी मारायची म्हणून डोंगरउतारावरून धावत पॅराशूट फुगवून पाहिली. विमानाचे पैसे वाचवायची युक्ती ती! गिर्यारोहकांनी ती लगेच उचलली. बोईव्हाँने एव्हरेस्टआधी १९७९ मध्ये के-टूवर ७,६०० मीटरवरून आणि १९८५ मध्ये गाशेरब्रुम-दोनच्या माथ्यावरून हँगग्लायडर उडवला होता. पण हँगग्लायडरला नळ्यांचा सांगाडा असतो. तो आठ हजार मीटरवर वाहून नेणं हीच एक वेगळी मोहीम. पॅराग्लायडर घडी करून सॅकमध्ये कोंबता येतो. बोईव्हाँ फार जगला नाही. १९९० मध्ये व्हेनेझुएलातल्या एंजल धबधब्याजवळ बेस जंप करताना, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो गेला.

अडचण खरी आहे ती टेक-ऑफची. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ४० टक्के. तेवढंच वजन उचलायला छत्रीला हवेतून सुमारे १.६ पट वेगाने जावं लागतं. सखल भागात ताशी २५ किलोमीटर पुरत असतील, तर तिथे ४० हवेत. एरवी यातला बराच वेग आपण धावून देतो. पायात क्रॅम्पॉन आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना कोण धावणार? म्हणजे वेग समोरून येणाऱ्या वाऱ्यानेच द्यायला हवा. तो कमी पडला तर छत्री माणसाला उचलत नाही, जास्त झाला तर फुगताच फरपटत नेते. या दोन्हींच्या मधला वारा नेमका तुम्ही माथ्यावर असताना मिळायला हवा, आणि वाट पाहत तिथे फार वेळ थांबताही येत नाही. एकदा हवेत गेल्यावर मात्र छत्री जवळपास नेहमीच्याच कोनात उतरते. फक्त सगळं भराभर घडतं.

२००१ च्या मे महिन्यात बर्ट्रांड आणि क्लेअर रोश हे फ्रेंच जोडपं टँडम छत्रीने माथ्यावरून उडून तिबेटच्या बाजूला उतरलं.

पण या सगळ्या इतिहासातलं माझं आवडतं उड्डाण २१ मे २०११ चं आहे. बाबू सुनुवार हा नेपाळी पायलट आणि कयाकपटू. त्याला गिर्यारोहणाचा अनुभव नव्हता. लाक्पा छिरी शेर्पा एव्हरेस्ट आधीच चढलेला, पण उडण्यात नवखा, आणि पोहता तर अजिबात येत नव्हतं. एकाने दुसऱ्याला वर नेलं, दुसऱ्याने पहिल्याला खाली आणलं. माथ्याच्या जरा खालून ते टँडम उडाले, चढत्या वाऱ्यावर माथ्याहूनही वर गेले आणि ४२ मिनिटांनी नामचे बाजारच्या वर, स्यांगबोचेच्या धावपट्टीवर उतरले. तिथून नद्यांनी कयाक हाकत, गंगेतून, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत! पुढे नॅशनल जिओग्राफिकच्या वाचकांनी त्यांना वर्षाचे साहसवीर म्हणून निवडलं. पाश्चात्त्य मोहिमांचा खर्च आणि गाजावाजा पाहता या दोघांची जोडी मला जास्त मोठी वाटते.

त्यानंतरच्या काही वर्षांत प्रश्नाला दुसरी बाजूही फुटली. माथ्यावरून उडण्याऐवजी खालून उडून माथ्याच्या वर जायचं. २०१६ मध्ये अँतुआन जिरार याने काराकोरममध्ये चढत्या हवेवर ब्रॉड पीकच्या वर, ८,१५७ मीटरपर्यंत, छत्री नेली. २०२१ मध्ये त्याच शिखरावर तो ८,४०७ मीटरला पोचला. इकडे एव्हरेस्टवर, २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पियरे कार्टर नेपाळ सरकारची रीतसर परवानगी काढून साऊथ कोलजवळून, म्हणजे आठ हजार मीटरच्या किंचित खालून, उडाला आणि वीसेक मिनिटांत गोरक्षेपला उतरला.

गेल्या काही वर्षांत बदल झाला तो वजनात. छत्र्या इतक्या हलक्या झाल्या की एकट्याने झपाट्याने चढणाराही त्या सोबत नेऊ लागला. बेंजामिन वेद्रीन हा फ्रेंच गिर्यारोहक २०२२ मध्ये ब्रॉड पीकवरून उडाला. मग २८ जुलै २०२४ रोजी बाटलीतल्या ऑक्सिजनविना अकरा तासांच्या आत तो के-टू चढला आणि अर्ध्या तासात बेस कॅम्पला उतरला. त्याच दिवशी के-टूच्या माथ्यावरून लिव्ह सान्सोझला घेऊन टँडम उडालेला पायलट कोण होता? २००१ मध्ये एव्हरेस्टवरून उडालेला तोच बर्ट्रांड रोश.

कामशेत-पाचगणीला पहिली टँडम राईड घेऊन आलेली मंडळी हल्ली एव्हरेस्टवरून उडता येईल का, हा प्रश्न हौसेने विचारतात. त्यांनी या यादीकडे नीट पाहावं. बाबू सोडला तर यातला प्रत्येक जण चढण्यात मुरलेला होता, आणि बाबूसोबत लाक्पा होता. वारा फिरला की छत्री पुन्हा सॅकमध्ये भरून चालत उतरावं लागतं. तेवढा दम आणि दोराचं तंत्र अंगात नसेल, तर छत्री वर नेऊ नये.